पोरक्यांचा धर्म

सक्तीच्या धर्मांतराविषयी मराठीत बोलणे निघाले की गोव्याचे नाव येतेच. आणि गोव्याचे नाव आले की डोळ्यांपुढे उभे राहते ते देवांचे स्थलांतर. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या हातून सुटून हे देव आदिलशाही मुलखात नव्याने वसले. ही हकीकत खरी आहे, तिच्यातले दुःखही खरे आहे. परंतु ती सांगायला देवळे उरली, महाजन उरले, कुळांचे इतिहास उरले. जी माणसे पालखीमागून जाऊ शकली नाहीत त्यांची हकीकत कोणी सांगायची? देवांचे हाल ज्या वाङ्मयाला दिसतात आणि माणसांचे दिसत नाहीत, त्या वाङ्मयाची दृष्टी तपासली पाहिजे.

२३ मार्च १५५९ रोजी पोर्तुगीज राजसत्तेने एक हुकूम काढला. गोव्यातील हिंदूंची जी मुले पोरकी असतील, ज्यांना आईबाप, आजाआजी कोणी नसतील, त्यांना जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजाच्या ताब्यात देऊन बाप्तिस्मा द्यावा, असा तो हुकूम. पुढे त्याचा अर्थ ताणला गेला. बाप मेला की आई जिवंत असूनही मूल पोरके ठरू लागले. अशी मुले नातेवाइकांनी लपवावीत, मुलखाबाहेर पाठवावीत, आणि सरकारने ती हुडकून काढावीत, असे वर्षानुवर्षे चालले. अ. का. प्रियोळकरांनी गोव्याच्या इन्क्विझिशनवरील आपल्या इंग्रजी ग्रंथात १९६१ साली हे कागदपत्रांनिशी मांडले आहे. तरीही आपल्या सांगण्यात पालखी पुढे आहे आणि पोर मागे.

या हुकमाच्या पोटात काय आहे ते नीट पाहा. आई समोर उभी आहे, पण ती पालक नाही. बाप गेला की मुलाचा मालक राजा. हे गृहीतक लिस्बनहून आले असेल. पण स्त्रीला स्वातंत्र्य नाही असे सांगणाऱ्या मनूला त्यात नवे काय वाटले असते? त्याच सुमारास वारसाहक्काचाही हुकूम निघाला. मुलगा नसलेल्या हिंदूची मालमत्ता त्याच्या बायकोला किंवा मुलीला मिळेल, पण ती ख्रिस्ती झाली तरच. आपल्या रूढीने बाईला उपाशी ठेवले होते. परक्या सत्तेने तिच्यापुढे ताट मांडले आणि त्याची किंमत म्हणून तिचा धर्म मागितला. दोन्हीकडून तिला विचारले कोणीच नाही.

बाप्तिस्म्याने सुटका झाली असेही नाही. १५६० साली आलेले इन्क्विझिशन मधली चार वर्षे सोडता १८१२ पर्यंत राहिले. १७३६ च्या फर्मानाने दारची तुळस, लग्नातली गाणी, एवढेच काय, मीठ न घालता शिजवलेला भातही गुन्हा ठरवला. चुलीपर्यंत पोचलेली सत्ता घरातल्या माणसाला घरातल्या माणसाविरुद्ध साक्षीदार करते. कुटुंब मोडणे म्हणतात ते हे.

आणि जात? ती मात्र कोणी मोडली नाही. गोव्याच्या ख्रिस्ती समाजात बामण, चाड्डी, सुदीर राहिलेच. कोंफ्रारियांतून, फेस्ताच्या मानपानातून ते शतकानुशतके दिसत राहिले. सक्तीच्या धर्मांतराचा खरा चेहरा इथे उघडा पडतो. त्याला माणूस मुक्त करायचा नसतो, आपल्या बाजूला मोजायचा असतो.

याउलट १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची घोषणा आणि १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची दीक्षा यांच्यामध्ये एकवीस वर्षे आहेत. त्या काळात परिषदा झाल्या, भाषणे झाली, विरोध झाला, पर्यायी धर्मांचा विचार झाला. विचार करायला वेळ, नाही म्हणायची मोकळीक आणि नाही म्हटल्यावर सुरक्षितता, या तीन गोष्टी असतील तिथेच धर्मांतर माणसाचे स्वतःचे असते. ही कसोटी आपल्या घरालाही लावली पाहिजे. नवऱ्याने दीक्षा घेतली म्हणून बायको आपोआप बौद्ध झाली काय? देव्हाऱ्यातले देव तिला समजावून काढले की तिच्या हातून हिसकावून घेतले? मुलगी उद्या वेगळे म्हणाली तर तिचे ऐकण्याची आपली तयारी आहे काय? बुद्धाच्या नावाने हे प्रश्न टाळता येणार नाहीत.

आता कायद्याकडे वळू. सक्तीने धर्म बदलायला लावणे हा गुन्हाच असला पाहिजे, याबद्दल दुमत नाही. परंतु ओरिसाच्या १९६७ च्या कायद्यात एक कलम होते : धर्मांतरित व्यक्ती अज्ञान मूल, स्त्री किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर शिक्षा दुप्पट. उत्तर प्रदेशाच्या २०२१ च्या कायद्यानेही हीच जोडी कायम ठेवली, वर जिल्हाधिकाऱ्याला साठ दिवस आधी कळवण्याची अट घातली. म्हणजे पदवी घेतलेला दलित, चाळिशीची बाई आणि आठ वर्षांचे मूल एकाच रांगेत! तिघांनाही आपले बरेवाईट कळत नाही, सरकारला कळते. १९५६ साली अशी अट असती तर दीक्षाभूमीवरच्या लाखोंनी कोणत्या कचेरीपुढे रांग लावली असती?

शिवाय आमिष एकाच दिशेने मोजले जाते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. शिखांना तो १९५६ साली मिळाला, बौद्धांना १९९० साली. ख्रिस्ती आणि मुसलमान झालेल्या दलितांना अजून नाही. धर्म सोडलास तर सवलत जाईल, हे दडपण नव्हे तर काय?

पोर्तुगीज राजा पोरक्याचा बाप झाला तो त्याला धर्मात ओढण्यासाठी. आजचे सरकार दलिताचे, स्त्रीचे पालक होते ते त्यांना धर्मात राखण्यासाठी. दिशा उलटी, अधिकार तोच. सक्तीला विरोध करायचा तर दोन्हींना केला पाहिजे. म्हणून कार्यकर्त्याकडे, शिक्षकाकडे असे प्रकरण आले तर त्याने बापाचे, भटाचे, पाद्रीचे, मौलवीचे, भन्तेंचे आणि फौजदाराचे म्हणणे नंतर ऐकावे. आधी त्या माणसाला एकट्याला बसवून विचारावे : तुझे काय म्हणणे आहे? आणि ती सज्ञान बाई असेल तर तिचे उत्तर आपल्याला न आवडले तरी तेच शेवटचे मानावे.