ऑपरेशनने बरं वाटलं, म्हणजे निदान बरोबर?

पेपर हातात आला की आपण आधी निष्कर्षावर उडी मारतो. आज उलटं करून बघा. आधी विचारा, निदान कशावरून ठरवलं?

उदाहरण घेऊ. 1972 साली रोल्स आणि मॉड्सली यांनी मांडलं, की उपचारांना दाद न देणाऱ्या काही 'टेनिस एल्बो'मागे कोपराखाली दबलेली रेडियल नर्व्ह असते. ती मोकळी केली की आराम पडतो. नाव पडलं 'रेडियल टनेल सिंड्रोम'. डॉक्टरांचं लक्ष स्नायूबंधाकडून नर्व्हकडे वळलं, हे या पेपरचं श्रेयच.

पण नर्व्ह दबली होती याचा पुरावा काय? याच नर्व्हची खोल शाखा सुपिनेटर स्नायूखाली खरोखर दबते, तेव्हा बोटं सरळ करायची ताकद जाते आणि ईएमजीत तसं दिसतंही. रेडियल टनेलमध्ये मात्र ताकद शाबूत आणि ईएमजी बहुधा नॉर्मल. उरतं काय? दाबल्यावर दुखणं, आणि मधलं बोट ताणून धरताना दुखणं. आता गंमत बघा: मधल्या बोटाच्या तळहाडाला जोडलेला स्नायू निघतो कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यावरून, म्हणजे टेनिस एल्बोच्याच जागेवरून. मग ही चाचणी दोघांना वेगळं कसं करणार?

राहिला आराम. तुलनेला दुसरा गट नव्हता. टेनिस एल्बो अनेकदा काळानेच शमतो. ऑपरेशननंतर हाताला सक्तीची विश्रांती मिळते. शिवाय नर्व्ह मोकळी करताना बऱ्याचदा त्या स्नायूची कडाही कापली जाते. गुण नक्की कशाचा? 2008 साली हुइस्टेडे आणि सहकाऱ्यांनी उपचारांचा पद्धतशीर आढावा घेतला, तेव्हाही त्यांना एकही यादृच्छिक नियंत्रित चाचणी सापडली नाही.

याचा अर्थ हा आजारच नाही, असा काढू नका. पुरावा तोकडा असणं वेगळं आणि दावा खोटा ठरणं वेगळं. पण ज्याच्या हातावर चिरा पडणार आहे, त्याच्यासाठी हा फरक पुस्तकी नाही.

प्रपोजल लिहाल तेव्हा एक ओळ नक्की लिहा: कोणता निकाल आला तर मी माझं म्हणणं मागे घेईन? ती ओळ सुचत नसेल, तर डेटा गोळा करायची घाई करू नका.