मोंते कासिनो : जुने की जुन्यासारखे?

पलसाणा येथे गिरणीकामाच्या निमित्ताने स्थायिक झालेल्या काही मराठी ख्रिस्ती कुटुंबांस आम्ही इटलीतील मोंते कासिनो मठाच्या यात्रेची छायाचित्रे दाखविली. ती पाहून एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, "पाळकसाहेब, यातले जुने कोणते?" उत्तर देताना आम्हांस अडखळावे लागले.

संत बेनेडिक्ट यांनी इ. स. ५२९ च्या सुमारास स्थापिलेला हा मठ लोंबार्ड टोळ्या, ८८३ मधील सारासेनांचा हल्ला व १३४९ चा भूकंप यांतून पुनःपुन्हा उभा राहिला. मठाधिपती देसिदेरिउस यांच्या मंदिराचे पवित्रीकरण १०७१ मध्ये झाले; मठाच्या मध्ययुगीन वैभवाचे ते शिखर. यात्रेकरू आज पाहतो ते मात्र बहुतांशी दुसऱ्या महायुद्धानंतरचे बांधकाम होय. १५ फेब्रुवारी १९४४ च्या बाँबवर्षावात मठ ढासळला, आणि 'होता तेथे, होता तसाच' या सूत्राने पुन्हा उभारला गेला. १९६४ मध्ये पोप सहावे पौल यांनी मंदिराचे पुन्हा पवित्रीकरण केले.

या सूत्राशी आमचे पटत नाही. पहिली गोष्ट अशी की, नक्कल झाली ती देसिदेरिउसच्या मंदिराची नव्हे, तर सतराव्या शतकातील अलंकृत मंदिराची. संगमरवर निर्दोष आहे, चौक प्रशस्त आहेत. पण निर्दोषपणाच डोळ्यांना खुपतो. ज्या भिंतींच्या आश्रयास आलेले निर्वासित बाँबखाली मेले, त्या भिंतींनी जणू काहीच पाहिले नाही! बेनेडिक्टच्या नियमात आलेला अतिथी ख्रिस्तच समजून स्वीकारावा, असा दंडक आहे. तो मानणाऱ्या घराला आपल्या मेलेल्या अतिथींची खूण दर्शनी भिंतीवर ठेवता आली नसती काय? उलटपक्षी, मुख्य वेदीखाली बेनेडिक्ट व त्यांची भगिनी स्कोलास्तिका यांच्या समाधीपाशी हा आक्षेप बराच सौम्य होतो, हे कबूल केले पाहिजे. तेथे प्रार्थना चालू आहे, आणि प्रार्थनेची नक्कल होत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या अधिक जवळची. मठावर बाँब टाकावेत असा आग्रह धरणाऱ्यांत चौथ्या भारतीय डिव्हिजनचे सेनापती टकर प्रमुख होते. पुढे मे १९४४ मध्ये खालची गारी नदी ओलांडणाऱ्या आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये मराठा पलटणही होती. म्हणजे या विध्वंसाच्या कथेत आपण केवळ प्रेक्षक नाही. मठ पाहून परतणारे बहुतेक यात्रेकरू मात्र कासिनो गावाजवळच्या राष्ट्रकुल युद्ध-दफनभूमीकडे वळतही नाहीत. तेथे भारतीय सैनिकांच्याही कबरी आहेत.

पलसाण्याच्या त्या गृहस्थांनी शेवटी पुन्हा मागून घेऊन पाहिले ते याच दफनभूमीचे छायाचित्र.