यंत्र-ग्राहकाला उद्देशून केलेली जाहिरात : एक चिकित्सा

व्हान्स पॅकार्ड यांच्या ‘द हिडन पर्सुएडर्स’ (1957) या ग्रंथापासून जाहिरातीवरील बरीचशी टीका एका गृहीतकावर उभी राहिली आहे. जाहिरात माणसाच्या सुप्त इच्छांना, भयाला आणि प्रतिष्ठेच्या भावनेला हात घालते, हे ते गृहीतक होय. ओपनएआयचा ‘ऑपरेटर’ (जानेवारी 2025) व ॲमेझॉनची ‘बाय फॉर मी’ (एप्रिल 2025) यांसारख्या सुविधांनी ग्राहकाच्या वतीने वस्तू शोधणारा, प्रसंगी खरेदीही उरकणारा एजंट बाजारात आणला. यंत्राला हौस नसते. शेजाऱ्याच्या दारातील नवी मोटार पाहून त्याची झोप उडत नाही. यावरून जाहिरातीचे युग संपले असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल.

हार्वर्ड विद्यापीठातील औनोन कुमार व हिमाबिंदू लक्कराजू यांचा 2024 मधील प्रयोग या संदर्भात महत्त्वाचा आहे. काल्पनिक कॉफीयंत्रांची यादी भाषा-प्रारूपापुढे ठेवून परवडणारे यंत्र सुचविण्यास सांगण्यात आले. यादीतील महागड्या यंत्राची शिफारस प्रारूप करीत नव्हते. त्या यंत्राच्या माहितीत गणिती पद्धतीने शोधलेली एक अक्षरमालिका घालताच त्याचे नाव अग्रस्थानी येऊ लागले. माणसाच्या दृष्टीने ती मालिका निरर्थक होती. तीत वस्तूची स्तुती नव्हती, खोटा दावाही नव्हता. ‘फसवी जाहिरात म्हणजे असत्य कथन’ ही रूढ कसोटी येथे निरुपयोगी ठरते.

कोलंबिया व येल विद्यापीठांतील संशोधकांचा 2025 मधील अभ्यास याहून अस्वस्थ करणारा आहे. पानावरील वस्तूचे स्थान बदलले की एजंटांची निवड बदलते, असे त्यात आढळले. ‘प्रायोजित’ अशी खूण असलेल्या वस्तूला ते सामान्यतः मागे सारतात, तर मंचाने दिलेल्या शिफारशीच्या खुणेला झुकते माप देतात. वरवर पाहता हा विवेक वाटतो. प्रत्यक्षात, ‘ही जाहिरात आहे’ असे प्रामाणिकपणे सांगणाऱ्या विक्रेत्याला त्याचा दंड बसतो आणि वर्णनातच जाहिरात मुरविणाऱ्याला बक्षीस मिळते. जाहिरात व माहिती यांतील सीमारेषा पुसण्याचे प्रलोभन इतके उघड पूर्वी क्वचितच असेल.

भारतीय कायद्याची भाषाही येथे तपासून पाहावी लागते. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मधील जाहिरातीची व्याख्या प्रकाश, ध्वनी, धूर, वायू यांपासून संकेतस्थळापर्यंत पोहोचते; पण तिचा आरंभ दृक् व श्राव्य प्रसिद्धीपासून होतो. डोळ्यांना न दिसणारा, केवळ यंत्राने वाचावयाचा मजकूर तीत बसविता येईलही, परंतु दिशाभूल ‘ग्राहकांची’ व्हावी लागते. नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी 13 ‘डार्क पॅटर्न’ निषिद्ध केले. त्यांत छुप्या जाहिरातीचा समावेश आहे. मात्र तेथेही पडद्यासमोर बसलेला माणूसच गृहीत धरलेला दिसतो.

वाणसामानाची यादी देऊन दुकानात धाडलेला मुलगा भलतीच वस्तू घेऊन आला, तर दुकानदार काय म्हणाला, हे त्याला विचारता येते. एजंट आपल्या निवडीचे कारण सांगतो खरा, पण ज्या मजकुराने ती निवड वळविली तो त्या कारणात असेलच असे नाही. पैसे ग्राहकाचेच गेलेले असतात. तक्रारीसोबत जोडण्याजोगी, त्याने स्वतः पाहिलेली जाहिरात मात्र त्याच्यापाशी नसते.