द्यूतनियमनाची वार्षिक भाषा

वार्षिक अहवाल हा शासकीय गद्याचा एक स्वतंत्र प्रकार होय. त्याची भाषा तपासणे हे केवळ अर्थशास्त्रज्ञाचे काम नव्हे. भाषाभ्यासकालाही तेथे पुष्कळ सामग्री मिळते. करोनाच्या साथीनंतरच्या वर्षांत या गद्यात ‘पूर्वपदावर येणे’ हा वाक्प्रयोग रूढ झाला. शेती वा कारखाना पूर्वपदावर आला, यात संतोष मानता येतो. द्यूताचा व्यवहार पूर्वपदावर आला असे म्हटले जाते तेव्हा मात्र विचारावे लागते, की ते पद कोणाचे? तिजोरीचे की घराचे?

महाराष्ट्रात द्यूतावर देखरेख करणारी एकच एक संस्था नाही. 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा जुगारास गुन्हा मानतो. परंतु त्यातील व्याख्येतून लॉटरी वगळलेली आहे. राज्याची स्वतःची लॉटरी 12 एप्रिल 1969 रोजी सुरू झाली. कॅसिनोंसंबंधीचा 1976 चा कायदा कधीच अंमलात आला नाही आणि 2023 साली तो रद्द करण्यात आला. या विसंगतीचे प्रतिबिंब शब्दांतही पडलेले दिसते. ‘जुगार’ हा शब्द ‘द्यूतकार’ या कर्तृवाचक शब्दापासून आला असे मानले जाते; म्हणजे कर्त्याचे नावच क्रियेला चिकटले. ‘सोडत’ या शब्दात कर्ता दिसत नाही, हरणारा तर नाहीच. दोषाचे ओझे कोणावर टाकावयाचे, हे शब्दांनी आधीच ठरवून ठेवले आहे.

नियामक म्हणता येईल असे पद शेजारच्या गोव्यात आढळते. 2020 च्या आरंभी गोमंतकीयांना कॅसिनोत प्रवेशबंदी करण्यात आली व तिच्या अंमलबजावणीची जबाबदारी वाणिज्य कर आयुक्तांकडे सोपविण्यात आली. म्हणजे कर गोळा करणारा आणि दारावर राखण करणारा अधिकारी एकच! पुढे मार्च 2020 मध्ये कॅसिनो बंद झाले, 1 नोव्हेंबरला उघडले, 2021 च्या दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद पडले आणि 20 सप्टेंबर 2021 पासून निम्म्या क्षमतेने सुरू झाले. अशा खंडित वर्षांची तुलना फसवी असते. उत्पन्न शंभरावरून पन्नासावर आले व पुन्हा शंभर झाले, तर घट पन्नास टक्के आणि वाढ शंभर टक्के दिसते. प्रत्यक्षात काहीच वाढलेले नसते. शिवाय प्रवेशबंदी पाळली गेली की नाही, हे महसुलाच्या आकड्यातून मुळीच कळत नाही.

आमच्या जालना जिल्ह्यात कॅसिनो नाहीत. येथे आहेत ते मटका, पत्ते आणि छापे. पोलिसांची कामगिरी नोंदविलेले गुन्हे आणि जप्त मुद्देमाल यांत मोजली जाते. परंतु गुन्हे वाढले म्हणजे जुगार वाढला की दक्षता वाढली, याचा निर्णय त्या आकड्यातून होत नाही. गुन्हे घटले तरी समाधान मानण्यास जागा नाही. जुना कायदा जुगाराच्या ‘घरा’ची कल्पना करतो, टाळेबंदीच्या काळात खेळ घरातून हातातल्या मोबाइलमध्ये शिरला आणि तेथे छापा पोहोचत नाही. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने बंदीचा कायदा केला तो ऑगस्ट 2025 मध्ये. तोवर जे गेले त्याची नोंद मुद्देमालात झाली नाही.

महानुभाव परंपरेतील कथा या संदर्भात आठवते. हरिपाळदेव द्यूतात हरले आणि देणे फेडण्यासाठी पत्नी कमळाइसेचे अलंकार मागू लागले. तिने नकार दिला. चरित्रकाराला या नकाराची नोंद महत्त्वाची वाटली. आजच्या अहवालांत कमळाइसेसाठी रकाना नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात द्यूताच्या व्यसनाची विकार म्हणून नोंद आहे. असे असता उपचारासाठी आलेले रुग्ण, कुटुंबीयांच्या तक्रारी, खेळापायी झालेली कर्जे यांची वार्षिक गणना का असू नये?

‘नियमन’ या शब्दात आवर घालण्याचा अर्थ अंगभूत आहे. वसुली वाढली वा छापे वाढले एवढ्यावरून नियमन यशस्वी ठरविणे म्हणजे या शब्दाचा अर्थ बदलणे होय. अर्थान्तर हा भाषेचा स्वाभाविक धर्म आहे, हे खरे. परंतु येथे त्याची किंमत एखादे घर मोजत असते, आणि ते घर कोणत्याही तक्त्यात नसते.