‘प्रतिकारशक्ती वाढवते’ म्हणजे नक्की काय करते?

पिंपळगाव बसवंतसारख्या गावात हा शब्द तीन दुकानांत भेटतो. मेडिकलमध्ये माणसासाठी बीटा-ग्लुकनची कॅप्सूल, कोंबडीखाद्यात यीस्टच्या भिंतीतलं मॅनन, आणि फवारणीच्या औषधांत द्राक्षवेलीसाठी ‘प्रतिकारक्षमता जागवणारं’ काहीतरी. तिन्हींचं मूळ एकच असू शकतं: ब्रेड आणि वाइनचं यीस्ट. यीस्टबद्दल माझी काही तक्रार नाही, माझी तक्रार त्या शब्दाबद्दल आहे.

यीस्टच्या पेशीला भिंत असते. बाहेरून मॅनन नावाच्या साखरेने मढवलेल्या प्रथिनांचा थर, आत बीटा-ग्लुकनची जाळी आणि थोडंसं कायटिन. आपल्या पेशी बीटा-ग्लुकन बनवतच नाहीत. त्यामुळे ते दिसलं की आपल्या भक्षक पेशींना कळतं, हा पाहुणा परका आहे. ते ओळखणारा ग्राहक म्हणजे डेक्टिन-१. ऑक्सफर्डमध्ये गॉर्डन ब्राउन आणि सायमन गॉर्डन यांनी २००१ साली तो बीटा-ग्लुकनचा ग्राहक असल्याचं दाखवलं. यीस्टही काही कमी नाही, वरच्या मॅननखाली ते ग्लुकन झाकून ठेवतं. कॅन्डिडा ही बुरशी तर यात चांगलीच तरबेज.

आता जाहिरातीकडे वळू. ‘बीटा-ग्लुकन डेक्टिन-१ला चिकटतं’ इथपर्यंत खरं आहे. पण २०११ साली एक फार सुंदर काम प्रसिद्ध झालं. विरघळलेलं बीटा-ग्लुकन ग्राहकाला चिकटतं, पण पेशी पेटून उठत नाही. कण असेल तरच उठते. कणाला चिकटताना पेशीच्या पृष्ठभागावर ग्राहक दाटीने जमतात आणि संदेश दाबून ठेवणारी सीडी-४५सारखी प्रथिनं तिथून बाजूला ढकलली जातात. विचार केला तर हे शहाणपणाचंच आहे: दूर कुठेतरी मेलेल्या बुरशीचा चुरा तरंगतोय म्हणून आग लावायची नसते, जिवंत बुरशी अंगाला भिडली की लावायची. मग डबीवर लिहिलेलं का नसतं, आतलं ग्लुकन विरघळणारं आहे की कणरूप?

दुसरं, ‘वाढवणं’ चांगलंच, हे कुणी ठरवलं? झायमोसान म्हणजे यीस्टच्या भिंतीचीच पूड. प्रयोगशाळेत उंदराच्या पोटात जोरदार दाह निर्माण करायचा असेल, तर तीच टोचतात!

जाहिरातवाले हल्ली ‘प्रशिक्षित प्रतिकारशक्ती’चाही दाखला देतात. नेदरलँड्समधल्या नेटेआ यांच्या गटाचं हे काम खरंच महत्त्वाचं आहे. बीटा-ग्लुकन भेटलेल्या मोनोसाइट पेशी पुढच्या वेळी जास्त जोमाने प्रतिसाद देतात. पण पेशींना थेट दिलेलं किंवा उंदराला टोचलेलं ग्लुकन आणि जेवणानंतर गिळलेली कॅप्सूल यांत अख्खं आतडं उभं आहे. सर्दीवर काही छोट्या चाचण्या झाल्यात, काहींत लक्षणं थोडी कमी दिसली. एवढ्यावर ‘थोडी मदत होईल कदाचित’ म्हणता येतं, ‘कवच’ म्हणता येत नाही. २०२१ साली महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसने जे घडवलं, त्यात रक्तातली बेसुमार साखर आणि स्टेरॉइड हे मोठे दोषी होते. ते कॅप्सूलने झाकलं जात नाही.

वेलीचं प्रकरण मला जास्त प्रामाणिक वाटतं. वेलीकडे डेक्टिन-१ नाही, रक्तपेशी नाहीत. तरी प्रत्येक पेशी बुरशीच्या भिंतीचे तुकडे आपल्या वेगळ्या ग्राहकांनी ओळखते आणि स्वतःची भिंत जाड करते, संरक्षक रसायनं बनवते. यीस्टच्या भिंतीपासून केलेलं सेरेव्हिसेन युरोपीय संघाने २०१५ साली कमी जोखमीचा घटक म्हणून मंजूर केलं. निर्यातीच्या मालात अवशेषांच्या तपासणीची धास्ती असणाऱ्यांना यातलं मोल सांगायला नको. पण ते रोगाला थेट मारत नाही, वेलीला आधी सावध करतं. पानावर डाऊनीचे तेलकट डाग दिसल्यावर, अवकाळीनंतर घाईघाईने, ‘प्रतिकारशक्ती वाढवणारं’ म्हणून असलं काही मारलं तर पैसे गेले आणि घडही गेले. ‘रोग येण्याआधी मारायचं की आल्यावर?’ एवढं दुकानदाराला विचाराच, भाऊ.

आणि अवयवरोपण झालेलं असेल किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, तर ती कॅप्सूल आधी डॉक्टरांना दाखवा.