बावनखणीतला न्याय : ‘घाशीराम कोतवाल’विषयी

विजय तेंडुलकर यांचे हे नाटक १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रथम रंगभूमीवर आले. त्यावर उठलेले वादळ नाना फडणविसांची व ब्राह्मणवर्गाची बदनामी झाली काय, याच प्रश्नाभोवती फिरत राहिले. १७९१ साली मारला गेलेला कोतवाल खरा असला, तरी आपले नाटक ऐतिहासिक नव्हे असे लेखकाचे म्हणणे होते. तो वाद येथे बाजूस ठेवू.

अधिक विचारार्ह आहे ती नाटकातील न्यायव्यवस्था. कीर्तनास निघालो असे सांगून बावनखणीकडे वळणारी मंडळी आरंभीच भेटतात. घाशीरामावर चोरीचा खोटा आळ येतो. तो सूडापायी आपली मुलगी गौरी नानांच्या स्वाधीन करतो व मोबदल्यात कोतवाली मिळवितो. मग मुलीच्या किमतीवर मिळालेल्या अधिकाराने तो रात्री लोकांच्या नीतीची झडती घेऊ लागतो! लंडनमध्ये जॉन गे यांनी १७२८ साली ‘बेगर्स ऑपेरा’त चोर आणि सत्ताधीश यांना एकाच तागडीत घातले होते, पण तेथील हसू मोकळे आहे, येथे ते घशात अडकते.

गौरीच्या मृत्यूनंतर संतापलेल्या बापाला नाना ईश्वरेच्छेचा उपदेश करतात. हा प्रसंग पाळकांनी अवश्य वाचावा. देवाची योजना हा शब्द आपणही शोकगृही किती सहज उच्चारतो!

उणीव आहे ती गौरीच्या मुकेपणाची. उपरोधाचा सारा रोख पुरुषांच्या ढोंगावर. विकली गेलेली मुलगी मात्र जवळजवळ काहीच बोलत नाही. उत्पत्तीच्या ३८व्या अध्यायात न्याय सांगणारा यहूदाच गिऱ्हाईक असतो. परंतु तामारेच्या हाती त्याची मुद्रा व काठी असते आणि त्याला आपला निवाडा फिरवावा लागतो. गौरीच्या हाती असे काहीच नाही.

उधन्यासारख्या ठिकाणी, जेथे खानदेशातून यंत्रमागांच्या कामास आलेली कुटुंबे वसली आहेत, धर्मशिक्षकांनी तरुणांबरोबर हे दोन्ही प्रसंग एकाच बैठकीत वाचून पाहावेत. पेशवाईची माहिती अगोदर सांगण्याची गरज नाही. परवाना, चौकी आणि चिरीमिरी हे शब्द त्यांना ठाऊक आहेत. तामारेची काठी तेवढी समजावून द्यावी लागेल.