निरीक्षण आणि थांबण्याची क्षमता : जुन्नर-आंबेगावच्या संदर्भात बाह्य व्यावसायिक पर्यावरणाच्या संकल्पनेची चिकित्सा

प्रस्तावना :

वाणिज्य व व्यवस्थापन शाखांच्या अभ्यासक्रमांत 'व्यावसायिक पर्यावरण' हा विषय दीर्घकाळ शिकविला जात आहे. या विषयाच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांची मांडणी एकसारखी असते. पर्यावरणाचे अंतर्गत आणि बाह्य असे दोन भाग केले जातात. बाह्य पर्यावरणाची आर्थिक, राजकीय, सामाजिक, तांत्रिक व नैसर्गिक अशी विभागणी होते. जो व्यवस्थापक या घटकांचे सातत्याने निरीक्षण करतो, त्याला संधी आणि धोके वेळीच कळतात व त्याचा व्यवसाय टिकतो, असा निष्कर्ष अखेरीस काढला जातो. या निष्कर्षात एक गृहीतक दडलेले आहे. ज्याचा व्यवसाय बुडाला त्याने पुरेसे निरीक्षण केले नाही, असे ते गृहीतक होय. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांतील व्यवसायांच्या आधारे हे गृहीतक तपासून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संकल्पनेची पार्श्वभूमी :

व्यवस्थापक बाह्य जगाची माहिती कशी मिळवितात, याचा पहिला व्यवस्थित अभ्यास फ्रान्सिस अ‍ॅग्विलार यांनी १९६७ साली प्रसिद्ध केला. निर्हेतुक अवलोकनापासून औपचारिक शोधापर्यंत निरीक्षणाचे चार प्रकार त्यांनी सांगितले. व्यवस्थापकांना महत्त्वाची माहिती छापील अहवालांपेक्षा व्यक्तिगत संबंधांतून अधिक मिळते, हेही त्यांनी दाखवून दिले. त्यापूर्वी दोन वर्षे, १९६५ मध्ये, एमरी व ट्रिस्ट यांनी 'खळबळजनक' पर्यावरणाची कल्पना मांडली होती. अशा पर्यावरणात भोवतालची जमीनच हलत असते आणि एकट्या संस्थेच्या कृतीला फारसा अर्थ उरत नाही. १९७५ मध्ये अ‍ॅन्सॉफ यांनी 'क्षीण संकेत' ओळखण्यावर भर दिला. १९७८ मध्ये फेफर व सॅलान्सिक यांनी मात्र प्रश्नाची दिशा बदलली. संस्था बाहेरच्या ज्या साधनांवर अवलंबून असते, त्या साधनांवर कोणाचे नियंत्रण आहे, हे त्यांनी विचारले.

आपल्याकडील पाठ्यपुस्तकांत यांपैकी पहिला प्रवाह जितका रुजला, तितका शेवटचा रुजला नाही. घटकांची यादी करणे आणि सामर्थ्य, उणिवा, संधी व धोके यांचा तक्ता भरणे परीक्षेच्या दृष्टीने सोयीचे असते, हे त्याचे एक कारण असावे. परंतु अशा तक्त्यातून माहिती आणि कृती यांमधील अंतर दिसत नाही. प्रत्यक्ष व्यवसायात व्यवस्थापकाचा कस या अंतरातच लागतो.

टोमॅटो : न थांबणारा माल

जुन्नर कृषी उत्पन्न बाजार समितीचा नारायणगाव येथील उपबाजार टोमॅटोसाठी राज्याबाहेरही ओळखला जातो. येथील आडतदार आणि व्यापारी निरीक्षणात कमी पडतात, असे म्हणणे धाडसाचे होईल. कर्नाटकातील कोलार आणि आंध्र प्रदेशातील मदनपल्ले येथील आवक, मोठ्या शहरांतील मागणी, पाऊस, वाहतुकीची स्थिती या सर्वांची विचारपूस दूरध्वनीवरून रोज होते. अ‍ॅग्विलार यांनी वर्णिलेले व्यक्तिगत माहितीचे जाळे येथे पूर्ण विकसित स्वरूपात आढळते.

तरीही २०२३ या एकाच वर्षात या बाजाराने दोन टोके पाहिली. जुलैमध्ये २० किलोच्या क्रेटला दोन हजार रुपयांच्या वर भाव मिळाला. केंद्र सरकारने नाफेड व राष्ट्रीय सहकारी ग्राहक महासंघ यांच्यामार्फत टोमॅटो खरेदी करून दिल्ली व अन्य शहरांत सवलतीत विकण्यास प्रारंभ केला. ऑगस्टमध्ये नेपाळमधून आयातीची घोषणा झाली. उंच भाव पाहून झालेल्या लागवडीचा माल बाजारात येताच सप्टेंबरमध्ये भाव कोसळले. भाव पडणार, हे अनेकांना कळत होते. पण कळून करायचे काय? पिकलेला टोमॅटो झाडावर ठेवता येत नाही आणि तोडल्यावर घरातही ठेवता येत नाही. माहितीचा उपयोग निर्णयासाठी व्हायचा, तर निर्णय लांबविता आला पाहिजे.

मे २०२० मधील घटना याहून वेगळा धडा देते. टोमॅटोवरील विषाणूजन्य रोगाच्या बातम्यांत 'तिरंगा विषाणू' हे नाव रूढ झाले आणि करोनाच्या भीतीने आधीच ग्रासलेल्या ग्राहकांत नवी धास्ती पसरली. हा रोग वनस्पतीचा आहे, माणसाला त्यापासून अपाय नाही, हे शास्त्रज्ञांनी स्पष्ट केले. परंतु खुलासा पोहोचेपर्यंत थांबण्याची सोय मालाला नव्हती. संकेत खोटा आहे, हे जाणणाऱ्या व्यापाऱ्यालाही तो खरा मानणाऱ्या ग्राहकाच्या वर्तनाप्रमाणेच भाव ठरवावा लागतो. अचूक निरीक्षणाची ही मर्यादा पाठ्यपुस्तकांत क्वचितच नोंदविली जाते.

कांदा : काही महिने थांबणारा माल

मंचर, ओतूर, आळेफाटा येथील बाजारांत येणारा उन्हाळी कांदा टोमॅटोपेक्षा सुदैवी आहे. या भागातील शेतकरी तो बराखीत चार-पाच महिने ठेवू शकतो. म्हणजे येथे प्रतीक्षेची क्षमता आहे, आणि ती उत्पादकाच्या अंगणात आहे. साहजिकच भावाचा अंदाज बांधून माल मागे ठेवणे हा शेतकऱ्याचाही व्यवस्थापकीय निर्णय ठरतो.

पण ही क्षमता धोरणाच्या गतीसमोर अपुरी पडते. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावण्यात आले. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य ठरले. डिसेंबरमध्ये निर्यातबंदी झाली. मे २०२४ मध्ये ती अटींसह उठली, सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून ते रद्द झाले. सुमारे वीस महिन्यांत नियम सहा वेळा बदलले. ज्याने बराखीतला कांदा राखला, त्याने बाजाराचा अभ्यास केला नव्हता असे नाही. त्याचा अभ्यास मागणी-पुरवठ्याचा होता, आणि निर्णय मात्र अधिसूचनेने झाला. एमरी व ट्रिस्ट यांच्या भाषेत सांगायचे तर येथे जमीनच हलली.

दूध : रूप बदलून थांबणारा माल

दूध टोमॅटोहूनही अल्पजीवी आहे. परंतु त्याचे रूप पालटता येते. १९९२ साली मंचर येथे सुरू झालेला पराग मिल्क फूड्‌सचा उद्योग या दृष्टीने अभ्यसनीय आहे. त्या काळी दूध अतिरिक्त झाल्यामुळे सहकारी संघ ठरावीक दिवशी संकलन बंद ठेवीत. त्या दिवसांचे दूध घेण्यापासून या उद्योगाची सुरुवात झाल्याचे सांगितले जाते. १९९१ च्या उदारीकरणाने दुग्धव्यवसायावरील परवान्याचे बंधन सैल झाले होते. ही संधी अनेकांना दिसत होती. तिचा उपयोग झाला तो तूप, भुकटी आणि पुढे चीज अशा टिकाऊ पदार्थांकडे वळण्याची जोड मिळाल्यामुळे. मे २०१६ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात नोंदविली गेली. दुसऱ्या दिवशी नासणारे दूध काही महिने टिकणाऱ्या चीजमध्ये रूपांतरित झाले, की व्यवस्थापकाला बाजाराकडे पाहून विचार करण्यास अवधी मिळतो.

तथापि हा अवधी संकलन केंद्रावर दूध घालणाऱ्याच्या वाट्याला आपोआप येत नाही. २०२० च्या टाळेबंदीत हॉटेले व मिठाईची दुकाने बंद झाली, तेव्हा राज्यात गायीच्या दुधाचे खरेदीदर घसरले. राज्य शासनाला प्रतिदिन दहा लाख लिटर दूध २५ रुपये दराने घेऊन त्याची भुकटी करण्याचा निर्णय घ्यावा लागला. प्रक्रिया उद्योगाकडे भुकटीचे गोदाम असते. गोठ्यातील गाय मात्र टाळेबंदीतही दोन वेळा दूध देते आणि दोन वेळा चारा खाते. पर्यावरणाला दिलेला 'यशस्वी प्रतिसाद' कोणाच्या हिशेबात यश ठरतो, हा प्रश्न येथे उपस्थित होतो.

साखर : माल थांबतो, देणे थांबत नाही

आंबेगावातील श्री भीमाशंकर आणि जुन्नरमधील श्री विघ्नहर हे दोन सहकारी साखर कारखाने या परिसराच्या अर्थकारणाचे आधारस्तंभ आहेत. साखर गोदामात वर्षभर टिकते. पण ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पुरविल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे द्यावे लागतात. विलंब झाल्यास १५ टक्के व्याज आहे. म्हणजे माल थांबू शकतो, देणे थांबत नाही. मधला काळ साखर तारण ठेवून काढलेल्या कर्जाने भरून काढला जातो आणि त्या कर्जावर व्याज चढते.

दोन्ही टोकांचे भाव कारखान्याच्या हाती नाहीत. उसाची रास्त व किफायतशीर किंमत २०१८-१९ मध्ये क्विंटलला २७५ रुपये होती, ती २०२४-२५ मध्ये ३४० रुपये झाली. ही वाढ सुमारे २४ टक्के आहे (याच काळात मूळ उताऱ्याची अट १० वरून १०.२५ टक्के झाली). साखरेचा किमान विक्रीदर मात्र फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला आणि २०२४-२५ च्या हंगामापर्यंत तोच राहिला. सहवीजनिर्मिती व इथेनॉल हे यातून काढलेले मार्ग होत. पण डिसेंबर २०२३ मध्ये, गळीत हंगाम ऐन भरात असताना, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने निर्बंध आणले. ते त्याच महिन्यात अंशतः शिथिल झाले आणि पुढील हंगामासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये उठले. इथेनॉलला प्रोत्साहन देणाऱ्या धोरणाचा संकेत अचूक वाचून ज्या कारखान्यांनी आसवनीत भांडवल गुंतविले, ते त्या हंगामात अडचणीत आले.

येथील पर्यावरणात असेही घटक आहेत की जे कोणत्याच खान्यात नीट बसत नाहीत. डिंभे, येडगाव, माणिकडोह या धरणांमुळे ऊस वाढला आणि उसात बिबट्या वसला. ऊसतोड सुरू झाली की त्याचा आसरा जातो आणि तोडणी कामगारांच्या कोप्या धोक्यात येतात. हा घटक नैसर्गिक म्हणावा, सामाजिक म्हणावा की कारखान्याच्या स्वतःच्या वाढीचा परिणाम म्हणावा? 'बाह्य' म्हणून ज्याची गणना होते, त्याचा काही भाग व्यवसायानेच निर्माण केलेला असतो.

वाइन : प्रतीक्षेने मूल्य वाढणारा माल

या मालिकेतील शेवटचे उदाहरण नारायणगावच्या वाइन उद्योगाचे आहे. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांच्या पुढाकाराने येथे फ्रेंच तांत्रिक सहकार्याने फेसाळ वाइन तयार होऊ लागली. भारतीय वाइन जगाच्या बाजारात नेणारा हा आरंभीचा प्रयत्न होता. राज्याच्या २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणाने या उद्योगाला बळ मिळाले. शहरी मध्यमवर्गाची बदलती अभिरुची या कंपनीने इतरांच्या आधी ओळखली होती. तरीही परदेशी व्यवसाय विकत घेऊन केलेला विस्तार आणि २००८ ची जागतिक मंदी यांची गाठ पडली. त्यानंतर काही वर्षांतच इंडेज व्हिंटनर्स ही कंपनी अवसायनाच्या प्रक्रियेत गेली. तळघरातील वाइन थांबू शकत होती. कर्जाच्या हप्त्यांना तशी मुभा नव्हती.

निष्कर्ष :

पाचही उदाहरणे एकत्र पाहता असे दिसते की, बाह्य बदलाची वार्ता कमीअधिक प्रमाणात सर्वांनाच मिळत होती. फरक पडला तो दोन बाबींमुळे. पहिली, माल किती काळ थांबू शकतो; आणि दुसरी, भांडवल किती काळ थांबू शकते. टोमॅटोजवळ दोन्ही नाही. कांद्याजवळ पहिली थोडीफार आहे. दुग्धप्रक्रियेने पहिली निर्माण केली. साखर व वाइन यांजवळ पहिली आहे, परंतु दुसरी तुटपुंजी ठरली. निरीक्षणाचे महत्त्व यामुळे नाहीसे होत नाही. प्रतीक्षेची क्षमता असेल तेव्हाच ते फलदायी ठरते, इतकेच.

फेफर व सॅलान्सिक यांची भूमिका या निष्कर्षाच्या सर्वांत जवळची आहे. परंतु तिचाही केंद्रबिंदू संस्था हाच आहे. जुन्नर-आंबेगावच्या अनुभवावरून त्यात एक भर घालावी लागते. ज्या व्यवस्थापकाला थांबता येत नाही, तो बहुधा धक्का पुढे सरकवितो आणि तो अखेरीस ज्याच्याकडे सरकविण्यासारखे कोणी उरलेले नाही, त्या उत्पादकापाशी येऊन थांबतो. म्हणून प्रतिसादाचे मूल्यमापन संस्था टिकली की नाही, एवढ्यावरच करणे अपुरे आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने याचा अर्थ स्पष्ट आहे. या तालुक्यांतील महाविद्यालयांत वाणिज्य शिकणारे अनेक विद्यार्थी टोमॅटो, कांदा, दूध आणि ऊस पिकविणाऱ्या घरांतून येतात. आपल्या घरातील तोटा निरीक्षणाच्या अभावाने झाला, असा समज पाठ्यपुस्तकाने त्यांना देणे वस्तुस्थितीला धरून नाही आणि न्याय्यही नाही. प्रकल्पकार्यात घटकांचा तक्ता भरून घेण्याबरोबरच त्यांना तीन प्रश्न विचारले जावेत : माल किती दिवस थांबू शकत होता? त्या काळातील व्याज कोणी भरले? आणि शेवटचा तोटा कोणाच्या पट्टीत दिसला? या प्रश्नांची उत्तरे बाजार समितीच्या आवारात, संकलन केंद्रावर आणि कारखान्याच्या वार्षिक अहवालांत शोधता येतात. शीतगृह, प्रक्रिया, तारणकर्ज आणि धोरणातील स्थैर्य हे मुद्दे एरव्ही केवळ ग्रामीण विकासाचे मानले जातात. व्यवसाय व्यवस्थापनाच्या मूळ प्रश्नांत त्यांची गणना का व्हावी, हे त्या उत्तरांतून विद्यार्थ्यांच्या लक्षात येईल.